आईच्या मासळीचे पैसे भावाच्या खात्यात पडतात. तिच्या हातात कसे यावेत?

हर्णैची_लेक
माहेर हर्णै, सासर चिपळूण. आई अजून मासळी विकते. संध्याकाळी बंदरावर लिलाव लागला की पुळणीवर जाऊन माल घ्यायचा, बर्फ मारून ठेवायचा आणि सकाळच्या टेम्पोने दापोलीच्या बाजारात जाऊन बसायचं. बाबा गेल्यापासून ह्याच पाटीवर आम्ही दोघं भावंडं वाढलो.

मध्यंतरी भावाने तिच्या शेजारी स्कॅनर लावून दिला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. स्कॅनर नसेल तर गिऱ्हाईक सरळ पुढच्या बाईकडे जातं. आधी मुरूड-कर्द्याला फिरायला आलेले पुण्या-मुंबईचे लोकच फोन पुढे करायचे, आता शाळेतले गुरुजी, रिक्षावाले, अगदी पन्नासाची मांदेली घेणारी शेजारीण सुद्धा करते. सुट्ट्यांची कटकट गेली हे आईही कबूल करते. पूर्वी सकाळचा पहिला तास तिचा दहा-वीसच्या नोटा गोळा करण्यातच जायचा, आणि ओल्या हाताने मोजलेल्या नोटा एकमेकींना चिकटून हिशेबात घोळ व्हायचा तो वेगळाच.

पण स्कॅनर भावाच्या नावाचा. पैसे भावाच्या खात्यात.

भाऊ वाईट नाही, हे आधीच सांगते, नाहीतर सगळे त्याच्यावर तुटून पडाल. होडीच्या इंजिनाचा हप्ता तो भरतो, घर तो चालवतो. लिलावाला जाताना आई मागेल तेवढे पैसे काढून देतो. पण "मागेल तेवढे" म्हणजे मागायला लागतं ना. पूर्वी आई घरी येताना टेम्पोतच हिशेब करायची. बर्फवाल्याचे ह्या गाठीला, टेम्पोचे त्या गाठीला, होडी चालवणाऱ्या तांडेलाची उधारी वेगळी, उरलेले कनवटीला. भिशी ती स्वतः चालवायची, बारा बायकांची. आता भिशीच्या दिवशी भावाला आठवण करून द्यावी लागते आणि तो म्हणतो, "परवा देतो, आज हप्ता गेलाय." शिमग्याला मी मुलीला घेऊन गेले तर तिच्या हातावर ठेवायला शंभराची नोट आईने माझ्यासमोर भावाकडून मागून घेतली. मला काही बोलवलं नाही.

ती पैसे सांगणारी पेटी पण आणलीय त्याने. आई म्हणते, "दिवसभर पेटी पैसे आले पैसे आले म्हणून बोंबलते, आणि दिवेलागणीला मीच हात पसरते."

आता अडचण अशी. आईचं स्वतःचं खातं आहे, लाडक्या बहिणीचे दीड हजार त्यात येतात. पण त्या खात्याला मोबाईल नंबर भावाचा जोडलाय, कारण फॉर्म त्याने भरला. आईचा फोन बटणांचा, आणि स्मार्टफोन घ्यायला ती तयार नाही. संध्याकाळी लिलावाला रोख लागते, म्हणजे सकाळी खात्यात पडलेले पैसे दुपारपर्यंत हातात यायला हवेत. आणि बाजारातल्या बायकांनी तिला घाबरवून ठेवलंय की खात्यात एवढे पैसे दिसले तर दीड हजार बंद होतील, वर टॅक्सवाले येतील.

स्कॅनर काढून टाकून पुन्हा सगळं रोखीवर आणता येणार नाही, तेवढं मला कळतं. पण तिच्या नावाने हे कसं करतात? कुणी केलंय का?


मंडणगडचा_बँकमित्र
ताई, मी ग्राहक सेवा केंद्र चालवतो. तुमच्या आईसारख्या बायका रोज समोर असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी पासबुक घेऊन शाखेत जा आणि खातं कुठल्या प्रकारचं आहे ते विचारा. पूर्ण केवायसी न करता उघडलेलं 'छोटं खातं' असेल तर त्याला तीन कुलपं असतात. वर्षभरात जमा १ लाखापर्यंत, एका वेळची शिल्लक ५०,००० पर्यंत, आणि महिन्याला काढता येतात फक्त १०,०००. मासळीवाल्या बाईचा लाख बघता बघता उलटतो. मग ऐन ऑगस्टात, दोन महिन्यांच्या मासेमारीबंदीनंतर होड्या नुकत्या बाहेर पडलेल्या असतात आणि खातं अडकून बसतं. हे झालेलं मी पाहिलंय. बाई केंद्रात येऊन रडते आणि मला काहीच करता येत नाही. केवायसी पूर्ण केली की ही कुलपं निघतात.

त्याच फेरीत मोबाईल नंबर बदला. आईच्या बटणांच्या फोनातलं सिम आईच्या नावावर असेल तर तोच नंबर द्या. ओटीपी ज्याच्या फोनवर, खातं त्याचं, पासबुकावर नाव कुणाचंही असो. आधारला कुठला नंबर आहे तोही बघा. तो बँकेच्या फॉर्मवर बदलत नाही, आधार केंद्रावर बदलून मिळतो.

स्मार्टफोनबद्दल. पैसे घ्यायला आईला तो लागतच नाही. स्कॅनरचा कागद हा नुसता तिच्या खात्याचा पत्ता आहे आणि पेटीत स्वतःचं सिम असतं. नोंदणी करताना एकदा कुणाचा तरी स्मार्टफोन लागेल, तेवढा तुम्ही न्या. पेटीला बहुतेक कंपन्या महिन्याचं भाडं लावतात आणि ते खात्यातून गुपचूप कापलं जातं. किती ते आधी विचारून कागदावर लिहून घ्या. यूपीआयवर पैसे घेण्याबद्दल दुकानदाराकडून टक्केवारी कापायची नाही असा नियम जानेवारी २०२० पासून आहे, तेव्हा एखादा एजंट "दर शंभराला इतके" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

अजून एक प्रश्न त्याला विचारा. पैसे खात्यात लगेच पडतात की दुसऱ्या दिवशी? दुकानाच्या स्कॅनरवर काही ठिकाणी दिवसभराचे एकत्र करून नंतर टाकतात. तुम्हाला संध्याकाळी लिलाव आहे, तुम्हाला लगेच पडणाराच हवा.

आता हातात रोख. आधारवर अंगठा लावून पैसे काढायची सोय माझ्यासारख्याकडे असते, पोस्टमनही घरी येऊन देतो. पण खरं सांगतो, मासळीवाल्या बायकांचे अंगठे मशीन घेत नाही. वर्षानुवर्षं खवले काढायचे, बर्फात हात, मिठात हात, बोटांवरच्या रेषाच झिजून गेलेल्या असतात. मी फडक्याने बोट कोरडं करतो, खोबरेलाचा हात लावतो, एकेक करून दहाही बोटं लावून बघतो. कधी अनामिका चालते. एका आजींची करंगळी चालते, त्या आल्या की थेट करंगळीच पुढे करतात. पण ज्या दिवशी एकही बोट चालणार नाही त्या दिवशी लिलाव बुडतो. म्हणून आईसाठी एटीएम कार्ड काढाच. स्वतःच्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला ५ वेळा फुकट, त्यावर दर वेळी २३ रुपयांपर्यंत कापतात, १ मे २०२५ पासूनचा दर. साध्या शून्य-शिलकीच्या खात्यात सगळं धरून ४ वेळाच फुकट असतं. रोज काढायची सवय लावू नका, आठवड्याचे एकदम काढा.

कार्डावर लाटांची खूण असेल. ते दुकानातल्या कार्डाच्या मशीनला नुसतं टेकवलं की ५,००० पर्यंत पिन न विचारता पैसे जातात. आधी ही मर्यादा २,००० होती, १ जानेवारी २०२१ पासून वाढवली. ही सोय बँका बंद ठेवूनच कार्ड देतात. आईच्या कामाची नाही, बंदच राहू द्या.

आणि एक गोष्ट आईकडून घोकून घ्या. पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीही लागत नाही. "मावशी, पैसे पाठवलेत, पिन टाका म्हणजे जमा होतील" असं कुणी म्हटलं की समजायचं चोर आहे. चुकून गेलेच पैसे तर त्याच क्षणी १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.


तारकर्लीचो_झिलगो
आमच्या हयसर पण ह्याच रामायण. म्हातारेक फोन घेवन दिलो, ता म्हणता "ह्या आरशात माका पैसे कशे दिसतले?" शेवटाक तिच्या नावार खाता काडला, स्कॅनर तिच्या नावाचो लावलो, आणि पासबुकात दर सोमवारी एन्ट्री मारून आणतंय. पासबुक तिका वाचूक येता. मोबाईल नाय. आता ता सोमवारची वाट बघता. ताई, भावाक काय वाटात तां वाटांदे, पैसो आवशीचो.


वल्हं_आणि_इंजिन
सगळ्यांनी आईची बाजू घेतली, मी भावाची घेतो. आमची होडी आहे, रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला.

ताई, तुम्ही चिपळुणात बसून शंभराच्या नोटेवर गहिवरलात, पण इंजिनाच्या कर्जाला बँकेत जाऊन बसा म्हणजे कळेल. बँक विचारते, उलाढाल दाखवा. आमच्या बापजाद्यांचा सगळा धंदा रोखीचा, दाखवणार काय? कनवट? खात्यात रोज येणारी रक्कम दिसली म्हणूनच आम्हाला कर्ज मिळालं, नाहीतर सावकार होताच की बंदरावर, व्याज आधीच कापून घेणारा. तुमच्या भावाचा हप्ता आईच्या विक्रीच्या जोरावर मंजूर झाला असेल. आता अचानक त्या खात्यात पैसे येणं थांबलं तर पुढच्या वेळी बँक त्याला दारात उभं करणार नाही.

दुसरं म्हणजे लिलावाला रोखच लागते हेही आता पूर्ण खरं नाही. आमच्याकडे मोठे व्यापारी खात्यावरच देतात. रोख मागतात ते छोट्या वाट्यांना, कारण खलाशांना त्याच संध्याकाळी वाटायची असते. आईने ज्या तांडेलाकडून माल घ्यायचा त्याच्याशी बोलून बघा.


हर्णैची_लेक
दादा, कर्जाचं पटलं, खरंच डोक्यात आलं नव्हतं. पण मग उलाढाल आईची आणि पत भावाची, असं का? मासेमाऱ्यांसाठी किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून आहे, उद्या आईलाच किंवा तिच्या भिशीतल्या बायकांच्या बचत गटाला कर्ज घ्यायचं झालं तर त्यांनी कुणाचं पासबुक दाखवायचं?


वल्हं_आणि_इंजिन
ह्याला उत्तर नाही माझ्याकडे. माझ्या आईचं पण खातं नाहीये, आत्ता लिहिताना जाणवलं. घरात वाचून दाखवत नाही हा धागा.


कर्दे_न्याहारी_निवास
आमचं छोटं घरगुती निवास आहे, चार खोल्या. तुमच्या आईकडून मासळी घेतलीही असेल आम्ही, दापोलीच्या बाजारातूनच येते.

सगळी सोय झाल्यावरही घरात रोख ठेवाच, एवढं सांगायला लिहितोय. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा आमच्या वाडीतल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. विजेचे खांब वाकले, टॉवर मुके झाले. वीज यायला आठवडेच्या आठवडे गेले. खात्यात पैसे होते, पण खातं कुठाय? कौलं उडालेली, ताडपत्री घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, ओळखतो तुम्हाला पण माल आणायला मलाही रोखच द्यावी लागते. आमच्या शेजारच्या काकू, नवरा मुंबईला, त्यांनी डाळीच्या डब्यातून नोटा काढल्या आणि पहिली ताडपत्री त्यांच्या छपरावर चढली. आम्ही तिसऱ्या दिवशी. तुम्ही चिपळूणच्या, २२ जुलै २०२१ च्या पुराबद्दल तुम्हाला मी काय सांगणार.

वादळं सोडा, साध्या पावसाळ्यात आमच्याकडे दुपारी लाइट गेली की तासाभरात रेंज जाते. पर्यटक फोन वर धरून अंगणात फिरतात, कुणीतरी सांगतं विहिरीजवळ एक काडी येते, मग सगळे विहिरीजवळ. पैसे गेलेत की नाही ते त्यांनाही कळत नाही, मलाही नाही. असं अधांतरी अडकलं तर घाबरू नका. आपल्या खात्यातून गेले आणि समोरच्याला पोचले नाहीत तर माणसा-माणसातल्या व्यवहारात दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानाच्या व्यवहारात पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर बँकेने दिवसाला १०० रुपये द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. मात्र आईला हे शिकवा की गिऱ्हाईकाने फोनवरची हिरवी बरोबरची खूण दाखवली म्हणून मासळी द्यायची नाही. पेटी बोलली तरच द्यायची. नुसतं चित्र दाखवून निघून जाणारे महाभाग इथेही येतात, चांगल्या गाडीतून येतात.

कार्डाचं मशीन आम्ही घेतलंय, मोठ्या बिलांना. हल्ली लोक कार्डच काय, फोन आणि मनगटावरचं घड्याळ सुद्धा टेकवतात. रुपे डेबिटला काही कापत नाहीत, बाकीच्या डेबिट कार्डांवर माझ्यासारख्या २० लाखांच्या आतल्या धंद्याला ०.४० टक्क्यांपर्यंत. क्रेडिट कार्डाला मात्र तशी सरकारी मर्यादा नाही, तिथे दोन टक्क्यांच्या आसपास जातात. मासळीच्या पाटीवर ह्याची गरज नाही. बोटांना खवले आणि त्यात ते मशीन, चार दिवसांत बटणं चिकटतील.


देवगडचा_आंबेवाला
एक धोका कुणी लिहिला नाही म्हणून लिहितो. मी हापूसच्या पेट्या घरपोच पाठवतो, ओळख ना देख अशी गिऱ्हाइकं. एका हंगामात एकाने पाच डझनांचे पैसे टाकले, आंबे गेले, सगळं सुरळीत. पुढे कधीतरी पेट्रोल भरायला गेलो तर पैसे जाईनात. बँकेत गेलो तर कळलं की त्या माणसाने मला दिलेले पैसे कुणाला तरी फसवून मिळवलेले होते. दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांकडे तक्रार, आणि त्या पैशांचा माग काढत माझ्या खात्यापर्यंत आले. माझं अख्खं खातं गोठवलं. मजुरांची मजुरी द्यायची होती, बागेची फवारणी व्हायची होती. बिलं, कुरिअरची पावती, सगळं मेल करून, फोन करकरून सुटलं, पण हंगाम संपत आला होता.

म्हणून ताई, आईच्या स्कॅनरसाठी वेगळं खातं उघडा. लाडकी बहीण ज्यात येते त्या खात्याला स्कॅनर जोडू नका. स्कॅनरच्या खात्यात चार-पाच दिवसांपेक्षा जास्त पैसे साठू देऊ नका. उद्या काही झालंच तर दुसरं खातं तरी चालू राहील. आणि मोठी विक्री असेल, एखाद्या हॉटेलवाल्याने दहा हजारांची सुरमई नेली, तर नाव आणि फोन वहीत टिपून ठेवा.


खेडचा_करसल्लागार
टॅक्सच्या भीतीबद्दल, थोडक्यात. ताजी मासळी जीएसटीतून माफ आहे. नुसता माफ असलेला माल विकणाऱ्याला नोंदणीच करावी लागत नाही, उलाढाल किती का असेना. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयचे आकडे बघून छोट्या दुकानदारांना नोटिसा गेल्या आणि लोकांनी 'फक्त रोख' असे फलक लावले, ती बातमी फिरत फिरत दापोलीच्या बाजारात पोचलेली दिसते. मात्र आईने उद्या मसाला लावून, डबाबंद करून विकायला घेतलं तर गणित वेगळं, तेव्हा विचारा.

इन्कम टॅक्स उत्पन्नावर असतो, खात्यात आलेल्या सगळ्या रकमेवर नाही. लाख रुपयांची मासळी विकली तर त्यातले बरेचसे तांडेलाला, बर्फाला, टेम्पोला गेलेले असतात. छोट्या धंद्यांसाठी अंदाजी पद्धत आहे, बँकेतून आलेल्या विक्रीवर निदान ६ टक्के नफा धरायचा, रोखीच्या विक्रीवर ८. म्हणजे सरकारच्या हिशेबी स्कॅनरवाली बाई रोखवालीपेक्षा फायद्यात आहे. लाडक्या बहिणीची अट कुटुंबाच्या वार्षिक अडीच लाख उत्पन्नाची आहे. तिथेही विक्री म्हणजे उत्पन्न नव्हे. खर्चाची वही ठेवा म्हणजे विचारलं तर दाखवता येईल. भाऊ एकाच रेशनकार्डावर असेल तर त्याचं उत्पन्नही त्यात धरतात का ते मात्र अंगणवाडी सेविकेकडे नीट विचारून घ्या.


हर्णैची_लेक
सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगते.

बँकमित्र दादांनी सांगितल्याप्रमाणे आधी शाखेत गेलो. खातं पूर्ण केवायसीचं निघालं, ती चिंता मिटली. नंबर बदलला. आंबेवाल्या दादांचं ऐकून स्कॅनरसाठी दुसरं खातं उघडलं. फॉर्मवर व्यवसायाच्या रकान्यात साहेबांनी आपणहून 'गृहिणी' लिहिलं होतं. आईने विचारलं, काय लिहिलंत? मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पन्नास वर्षं पाटी डोक्यावर घेतेय, लिही मासळी विक्री." खोडून लिहायला लावलं.

भावाशी बोलायला मी घाबरत होते. कर्जाचा मुद्दा मीच आधी काढला, मिरकरवाड्याच्या दादांमुळे. त्याचं म्हणणं एवढंच की हप्त्याची तारीख चुकायला नको. मग ठरलं असं की हप्त्याचा अर्धा वाटा आईच्या खात्यातून त्याच्या खात्यात दर महिन्याला आपोआप जाईल, तशी सूचना बँकेत देऊन आलो. तो आठवडाभर जरा घुश्शात होता. "माझ्यावर विश्वास नाही" वगैरे. आईने त्याला एका शब्दाने समजावलं नाही, कालवण वाढलं आणि गप्प बसली.

एटीएम बुधवार आणि शनिवार, तेही बाजारातून उठल्यावर, माझ्या मावसबहिणीबरोबर. पिन आईला पाठ आहे, तिने तो कुणालाही सांगितलेला नाही, मलासुद्धा नाही. लिलावाला तांडेल दहा-बारा दिवसांची उधारी चालवायला तयार आहे, पण फोनवर नको, रोखच हवी म्हणाला. भिशी पुन्हा तिच्याकडे आलीय. डाळीच्या डब्याबद्दल मी तिला सांगितलं तर नुसती हसली, म्हणजे डबा आधीपासून आहेच कुठेतरी.

आता एक नवीनच भानगड झालीय आणि त्यासाठीच परत लिहितेय. परवा आईने ओळखीच्या बाईला पापलेटची जोडी सहाशेला दिली. त्याच मापाच्या जोडीचे मागे उभ्या असलेल्या मुंबईकराला तिने आठशे सांगितले होते. पेटी मोठ्या आवाजात म्हणाली, सहाशे रुपये प्राप्त झाले. मुंबईकर म्हणाला, "मावशी, मला पण सहाशेलाच." द्यावी लागली. शिवाय शेजारच्या बायकांना तिची सकाळची सगळी विक्री ऐकू येते आणि ज्याची उधारी आहे तो बर्फवाला पलीकडेच उभा असतो. आई म्हणते, ही पेटी माझी आहे की ह्या लोकांची? पेटी काढली तर पैसे आले की नाही ते तिला कळणार नाही, आणि ठेवली तर गावभर बोभाटा. आवाज कमी करता येतो का? भाऊ म्हणतो मला माहीत नाही. माहीत असणार, सांगत नाहीये.


मंडणगडचा_बँकमित्र
बाजूला अधिक-उणेची बटणं असतात, उणे दाबून धरा. अगदीच नको असेल तर पेटी पाटीच्या मागे, आईच्या गुडघ्याशी ठेवा, वर फडकं टाका, तिला ऐकू येईल एवढीच. मात्र बर्फाच्या पाण्यात नको, गेल्या पावसात माझ्याकडे तशा दोन आल्या होत्या, दोन्ही मेल्या. चार्जिंग आदल्या रात्रीच करून ठेवा. आणि भाव आधी एकच सांगायचा की नाही, ते आईला शिकवायला जाऊ नका, आपल्याला ऐकून घ्यावं लागेल.


तारकर्लीचो_झिलगो
आमच्या म्हातारेन पेटयेवर टोपली उपडी घातलीहा. गिऱ्हायकान "पैसे इले काय?" इचारला की टोपली उचलून कान लावता, आणि मगे ठरयता इले की नाय.